आकाशातील आरसा आणि पळीभर तेल

मृगाच्या आधी आभाळाकडे लागलेले खानदेशाचे डोळे परतीचा पाऊस सरेपर्यंत खाली उतरत नाहीत. रावेर-यावलची केळी असो, चोपडा-अमळनेरचा कापूस असो की साक्री-शिंदखेड्याची बाजरी असो, या मुलुखाचे सारे अर्थकारण आभाळाच्या मर्जीवर उभे आहे. साहजिकच आभाळासंबंधीची कोणतीही वार्ता येथे वाऱ्याच्या वेगाने पसरते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने उत्तर महाराष्ट्रातील उभी पिके झोपवली. त्यानंतर प्रत्येक अवकाळीच्या वेळी, प्रत्येक लांबलेल्या पावसाच्या वेळी एक संदेश हातोहात फिरू लागतो. अमेरिकेने अलास्कात 'हार्प' नावाचे केंद्र उभारले आहे, तेथून आकाशात किरण सोडले जातात आणि त्या किरणांनी आपला पाऊस पळवला जातो, असा त्या संदेशाचा आशय. तुर्कस्तानात फेब्रुवारी २०२३ मध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा त्याचेही खापर जगभर याच केंद्रावर फोडण्यात आले.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत देशाविषयी तळमळ असणारी, सुशिक्षित कुटुंबे आहेत आणि आपले कार्यकर्तेही आहेत. म्हणूनच या विषयाची दखल घेणे आम्हाला आवश्यक वाटते. या अफवेत दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक सपशेल असत्य आहे, तर दुसरी सत्य आहे आणि गंभीरही. असत्याच्या गदारोळात सत्याकडे दुर्लक्ष व्हावे, हे राष्ट्राच्या हिताचे नाही.

आधी सत्य काय ते पाहू. भूपृष्ठापासून सुमारे साठ-सत्तर किलोमीटरवर वातावरणाचा एक विरळ थर सुरू होतो आणि तो कित्येक शे किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला असतो. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तेथील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. यालाच आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लघुलहरी या थरावर आदळून वाकतात आणि हजारो किलोमीटर दूर पुन्हा जमिनीवर उतरतात. दळणवळणासाठी निसर्गाने आकाशात टांगलेला हा आरसाच आहे. त्याला ना प्रक्षेपक लागतो, ना इंधन, ना कोणाची परवानगी.

या आरशाचे मोल आपल्या देशाने पारतंत्र्यातच ओळखले होते. इंग्रज सरकारने २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यातील 'बीम' बिनतारी सेवा सुरू केली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. महाराष्ट्राच्या भूमीवरून निघालेला संदेश आयनांबरावरून उसळी घेत लंडनला पोहोचत होता. पण भूमी आपली असली तरी यंत्र आपले नव्हते आणि संदेशही आपला नव्हता. पुढे हाच आरसा राज्यकर्त्यांवर उलटला. फेब्रुवारी १९४२ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा आवाज बर्लिनहून भारतात ऐकू आला, तो याच आरशावरून परावर्तित होऊन. त्याच वर्षी २७ ऑगस्टपासून मुंबईतील गुप्त काँग्रेस रेडिओवरून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर देशाला हाक देत होते. नोव्हेंबरात पोलिसांनी ते केंद्र पकडले. तारा तोडता येतात, टपाल उघडता येते, वृत्तपत्रांना टाळे ठोकता येते. आकाशातील आरशाला टाळे ठोकण्याची युक्ती मात्र त्या बलाढ्य साम्राज्यापाशीही नव्हती.

खानदेशातील वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण हा आरसा त्यांच्या माथ्यावर जगातील बहुतेक प्रदेशांपेक्षा अधिक दाट आणि अधिक चंचल असतो. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये पहिल्या अग्निबाणासाठी थुंब्याची निवड झाली, ती याच कारणाने. त्या रेषेवर आयनांबरातील इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय बलरेषांवरून उत्तरेला व दक्षिणेला घरंगळत येऊन दोन पट्ट्यांत साचतात. उत्तरेकडचा दाट पट्टा भारतात साधारणतः अहमदाबाद-भोपाळच्या आसपास येतो आणि सौरचक्राच्या चढउतारानुसार उत्तर-दक्षिण सरकतो. जळगाव आणि धुळे या पट्ट्याच्या छायेत, एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास वसले आहेत. आयनांबराच्या या विषुववृत्तीय वैचित्र्याची नोंद ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲपलटन यांनी १९४६ मध्ये केली आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी भूचुंबकत्वाच्या आधारे तिचे स्पष्टीकरण मांडले. मित्र यांचा 'द अपर ॲटमॉस्फिअर' हा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो प्रमाण मानला. देश स्वतंत्र होत होता, त्याच वर्षी त्याच्या एका सुपुत्राने देशावरच्या आकाशाचा नकाशा जगापुढे ठेवला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला किती जागा मिळाली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आता या आरशाला जमिनीवरून हात लावण्याची गोष्ट. तिचा प्रारंभ अगदी योगायोगाने झाला. १९३३ मध्ये टेलेगेन या डच अभियंत्याला स्वित्झर्लंडमधील केंद्र ऐकत असताना त्याच लहरींवर लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रम पाठीमागे ऐकू आला. दोन्ही केंद्रांच्या कंप्रता भिन्न होत्या. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन यांनी त्याचा उलगडा केला. लक्झेंबर्गच्या शक्तिशाली प्रक्षेपकाने आयनांबरातील इलेक्ट्रॉन तापवले होते आणि तेथून जाणाऱ्या दुसऱ्या लहरींवर आपला ठसा उमटवला होता. जमिनीवरून सोडलेल्या लहरींनी आकाशातील आरसा किंचित का होईना हलवता येतो, हे मानवाला प्रथमच कळले. त्यातून पुढे हेतुपुरस्सर प्रयोग सुरू झाले. अमेरिका, रशिया आणि नॉर्वे येथे आयनांबर तापवणारी केंद्रे उभी राहिली.

दुसरीकडे, निसर्गाच्या आरशावर विसंबण्याऐवजी स्वतःचाच आरसा आकाशात टांगण्याचे प्रयत्नही झाले. १९६० मध्ये अमेरिकेने तीस मीटर व्यासाचा, चमकत्या प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा 'एको' नावाचा फुगा अवकाशात सोडला आणि त्यावरून संदेश परावर्तित करून दाखवला. १९६३ मध्ये तर कोट्यवधी तांब्याच्या बारीक सुया पृथ्वीभोवतीच्या कक्षेत विखुरण्यात आल्या. त्यांच्या पट्ट्यावरून रेडिओ लहरी परतवण्याचा तो बेत होता. आकाश सर्वांचे असताना एका देशाने ते असे विस्कटावे काय, असा प्रश्न तेव्हा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी विचारला होता. तो प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

'हार्प' ही या परंपरेतील सर्वांत मोठी कडी. अलास्कातील गाकोना येथे १९९३ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि २००७ मध्ये ते पूर्ण झाले. तेथे १८० अँटेनांचे जाळे आहे आणि ३.६ मेगावॉट शक्तीच्या लघुलहरी आकाशाकडे रोखता येतात. अमेरिकेचे वायुदल आणि नौदल यांचा पैसा त्यात होता, हे कोणी लपवले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या शास्त्रज्ञांनी या केंद्राच्या लहरींनी सुमारे १७० किलोमीटर उंचीवर आयनीभूत वायूचा कृत्रिम ढग निर्माण केला आणि तो एक तासाहून अधिक काळ टिकवला. नैसर्गिक थराच्या खाली, हव्या त्या वेळी तयार करता येणारा आरसा म्हणून दळणवळणासाठी आणि रडारसाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांनीच जाहीर केले. २०१५ पासून हे केंद्र अलास्का विद्यापीठाकडे आहे आणि विद्यापीठ ते पाहण्यासाठी सामान्य लोकांनाही बोलावते. एवढे सारे सत्य आहे.

मग असत्य काय? ते जाणून घेण्यासाठी अमेरिकेला जाण्याची आवश्यकता नाही, भुसावळपर्यंत गेले तरी पुरे. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रातील पाचशे मेगावॉटचा एकच संच या केंद्राच्या प्रक्षेपकांच्या जवळजवळ एकशे चाळीस पट शक्तीचा आहे. आता पावसाचा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा हजार टन भरते. एवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता ढगात मोकळी होते, ती 'हार्प'च्या पूर्ण शक्तीने द्यायची झाली, तर रात्रंदिवस सुमारे ऐंशी दिवस लागतील. जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेबारा हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे केवळ या एका जिल्ह्यावर एक सेंटीमीटर पाऊस पडतो, तेव्हा निसर्ग जी उष्णता काही तासांत उधळतो, तेवढी जमवायला त्या केंद्राला अडीच हजार वर्षे अखंड चालावे लागेल. शिवाय या लघुलहरी पावसाच्या ढगांतून जवळजवळ काहीही न शोषल्या जाता वर निघून जातात. पावसाचे ढग पंधरा-अठरा किलोमीटरच्या आत असतात, तर आयनांबर त्याच्या कितीतरी वर. आयनांबरापर्यंत पोहोचेतो या किरणांची तीव्रता सूर्यप्रकाशाच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण झालेली असते. आणि गाकोना जळगावपासून सुमारे दहा हजार किलोमीटरवर आहे. या आकड्यांपुढे अफवेचे काहीच उरत नाही.

एवढी साधी गणिते शाळेतून शिकून आलेल्या आपल्या मुलांना करता येतात. मग मोठ्यांनी ती न करताच संदेश पुढे का ढकलावा? या संदर्भात धुळ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही अस्सल कागदपत्रे जतन करून आहे. परकीयांनी लिहिलेला आपला इतिहास राजवाड्यांनी नाकारला. मात्र त्याच्या जागी त्यांनी सोयीच्या दंतकथा बसवल्या नाहीत. गावोगावी पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळून त्यांनी मूळ साधने गोळा केली. अस्सल पुरावा हाती असल्याखेरीज विधान करू नये, हा त्यांचा दंडक होता. ज्या खानदेशाने ही शिस्त डोळ्यांनी पाहिली, त्याच खानदेशात पुराव्यावाचून आलेल्या संदेशावर विश्वास ठेवला जावा, ही खेदाची बाब आहे. राष्ट्राभिमानाच्या वेष्टनात आले म्हणून असत्याचे सत्य होत नाही.

अफवेचा तोटा केवळ बौद्धिक नाही. आपला पाऊस कोणीतरी परक्याने पळवला अशी एकदा मनाची समजूत झाली की, गावच्या नाल्यावरचा बंधारा का फुटला, विहिरींची पातळी का खालावली, सातपुड्याच्या उतारावरील झाडे कोणी तोडली, पीकविम्याची भरपाई का मिळाली नाही, हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. दोष सातासमुद्रापलीकडे ठेवून दिला की इथले उत्तरदायित्व संपते. ज्यांनी उत्तर द्यायला हवे, त्यांना याहून सोयीचे काय असू शकते? शेतकऱ्याच्या संतापाला खोटा शत्रू दाखवणारा माणूस त्या शेतकऱ्याचा हितचिंतक नव्हे, मग त्याच्या संदेशाच्या अखेरीस कितीही मोठा जयघोष असो.

आणि तरीही, अफवा खोटी आहे म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. वेगवेगळ्या देशांची सैन्ये आयनांबरात रस घेतात, त्यामागे सामरिक कारणे आहेत. समुद्राखाली असलेल्या पाणबुड्यांशी संपर्क, क्षितिजापलीकडे पाहणारे रडार, शत्रूच्या दळणवळणात अडथळा या साऱ्यांचा या थराशी संबंध आहे. जगाला याची जाण पूर्वीच आली होती. पर्यावरणात फेरफार करून त्याचा शस्त्रासारखा वापर करण्यास बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९७६ मध्ये स्वीकारला आणि तो १९७८ मध्ये अमलात आला. बंदीच्या कक्षेत येऊ शकतील अशा परिणामांची जी उदाहरणे त्या वेळी नमूद झाली, त्यांत आयनांबराच्या स्थितीतील बदलाचाही उल्लेख आहे. भारताने १९७८ मध्येच हा करार मान्य केला. परंतु करारभंग झाला हे सिद्ध करण्यासाठी आकाशात काय घडते आहे, याची स्वतःची नोंद हाताशी असावी लागते. ज्याच्यापाशी मोजमाप नाही, त्याची तक्रार जगात कोणी ऐकत नाही.

स्वतःपाशी ज्ञान नसले की काय होते, याचा अनुभव आपण घेतला आहे. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान मिळण्याचा करार १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे कोलमडला. भारतीय शास्त्रज्ञांनी हार मानली नाही. अनेक अपयशे पचवून जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाच्या बळावर उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्या वीस वर्षांत संतप्त भाषणे पुष्कळ झाली असतील, परंतु इंजिन तयार झाले ते प्रयोगशाळेत. स्वदेशी म्हणजे परक्याला शिव्या देणे नव्हे. परक्यावर अवलंबून राहण्याची वेळच येऊ नये, एवढे ज्ञान स्वतः कमावणे म्हणजे स्वदेशी.

आयनांबराच्या बाबतीतही अशी कमाई आपल्या शास्त्रज्ञांनी केली आहे आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ मध्ये भूचुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मधील महाप्रचंड सौर वादळाची तेथील नोंद आजही जगभरचे संशोधक अभ्यासतात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ते काम अलिबागला हलवण्यात आले आणि तेथे ते अव्याहत चालू आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात उभे राहिले. मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला, तो आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजदाद करण्यासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा एक किलो वजनाचा उपग्रह जमिनीवरून आलेला संदेश दुसरीकडे पोहोचवण्याच्या प्रयोगासाठी गेला. मे २०२५ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेने मध्य प्रदेशातील श्योपूर येथून एक हवाई जहाज सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर नेऊन आणले. अशी जहाजे उद्या आकाशात तरंगत राहून टेहळणीचे आणि दळणवळणाचे काम करू शकतील.

या ज्ञानाचा सामान्य माणसाच्या जीवनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. शेताच्या बांधाची मोजणी आता उपग्रहांच्या संकेतांवर चालणाऱ्या रोव्हर यंत्राने होते. ते संकेत आयनांबरातून येतात आणि खानदेशावरील दाट, चंचल थरातून येताना विशेष विचलित होतात. सूर्यास्तानंतरच्या काही तासांत, विशेषतः सौरचक्राच्या भराच्या वर्षांत, हा त्रास वाढतो. विमानांसाठी 'गगन' ही स्वदेशी यंत्रणा उभारताना आपल्या शास्त्रज्ञांना भारतीय आयनांबराचे स्वतंत्र गणित मांडावे लागले, कारण परदेशातून आणलेली प्रारूपे येथे पुरी पडेनात. आकाश आपले, तर त्याचे गणितही आपणच मांडायला हवे, हाच त्याचा अर्थ.

दुसरा संबंध आपत्तीचा. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरला आलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हौशी रेडिओ चमूने लघुलहरींवरून बेटांचा बाहेरच्या जगाशी दुवा जोडला. मोबाईलचे मनोरे कोसळतात, वीज जाते, तंतूंचे जाळे तुटते. आयनांबर तेवढे जागेवर असते. यावल, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवर किंवा तापीला पूर आल्यावर तुटणाऱ्या गावांत अशा यंत्रणेचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. आपत्तीत धावून जाणारा कार्यकर्ता ही आपली ओळख आहे. त्या कार्यकर्त्यापाशी हौशी रेडिओचा परवाना आणि ते यंत्र हाताळण्याचे कौशल्य असेल, तर त्याच्या सेवेला धार येईल.

हे सारे उभे करायचे तर समाजाने काय करायला हवे? उत्तर चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे दगडावर कोरलेले आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांजवळच्या डोंगरकुशीतील या गावात भवानीच्या मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. 'सिद्धान्तशिरोमणी'कार भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले, अशी ती नोंद आहे. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण त्यांच्या विद्येचा मठ जळगाव जिल्ह्यात होता, याला हा शिलालेखच साक्षी आहे. लेखाचा काही भाग मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालातील वाटा मठाला द्यावा, घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशी तजवीज त्यात केली आहे. गणिताचा आणि खगोलशास्त्राचा अभ्यास चालावा म्हणून व्यापाऱ्याने आपल्या मालातून आणि तेल्याने आपल्या घाण्यातून वाटा द्यायचा, ही आठशे वर्षांपूर्वीची व्यवस्था होती. विद्या ही केवळ राजाची जबाबदारी मानलेली नव्हती.

त्या मठात शिकवले जाणारे शास्त्र भोळेपणाचे नव्हते. पृथ्वीला कोणीतरी उचलून धरले आहे ही समजूत भास्कराचार्यांनी गोलाध्यायात तर्काने खोडून काढली. आधाराला पुन्हा आधार लागणार, मग त्याचा अंत कोठे, असा त्यांचा प्रश्न होता. गोलाच्या पृष्ठफळाविषयी पूर्वसूरी लल्ल चुकला, तर तेही त्यांनी स्पष्ट सांगितले. अनेक यंत्रांचे वर्णन केल्यावर त्यांनी श्रेष्ठत्व दिले ते 'धीयंत्रा'ला, म्हणजे बुद्धीला. पूर्वजांविषयी आदर आणि पूर्वजांच्या चुका दाखवण्याचे धैर्य या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्या परंपरेत सारे आधीच होते, असे म्हणून हातावर हात ठेवणाऱ्यांनी भास्कराचार्यांचे नाव घेण्याआधी त्यांची ही रीत पाहावी.

पुढे काय झाले, हेही आपण जाणतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या पाव शतकात यादवांचे राज्य लयाला गेले. आश्रय तुटला. आक्रमणाने मठ ओस पडले, ही इतिहासाची वेदना आहेच. परंतु स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावर घाण्यातील ते पळीभर तेल पुन्हा का सुरू झाले नाही, याचे उत्तर कोणत्याही खिलजीकडे मागता येणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल. जमशेटजी टाटा यांनी १८९८ मध्ये स्वामी विवेकानंदांना पत्र लिहून विज्ञान संशोधनाच्या कार्यात त्यांचे साहाय्य मागितले होते. संन्याशाचे तप आणि उद्योजकाचे धन विज्ञानासाठी एकत्र यावे, हा विचार आपल्याच देशातील आहे.

म्हणून आमची मागणी आणि आवाहन दोन्ही स्पष्ट आहेत. खानदेशच्या आकाशावरील आयनांबराचे अखंड निरीक्षण करणारे केंद्र जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, गिरणेकाठच्या त्या टेकड्यांवर असावे आणि केंद्र व राज्य शासनाने त्यासाठी अनुदान द्यावे. जळगाव-धुळ्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हौशी रेडिओची मंडळे चालवावीत. दाणाबाजारातील व्यापारी, जिनिंगचे मालक, पतपेढ्या आणि शिक्षण संस्था यांनी यातील काही भार उचलावा. पाटण्याच्या शिलालेखात ज्यांचा उल्लेख आहे, त्याच बाजारपेठेचे ते वारस आहेत. आणि कुटुंबांनी एक छोटा नियम पाळावा. आकाशाविषयी, विज्ञानाविषयी एखादा संदेश आला की घरातील मुलांना बसवून त्यातील आकडे तपासावेत. आकडेच नसतील, तर तो संदेश तेथेच थांबवावा.

आकाशातील आरसा कोण हलवतो, या प्रश्नाची भीती त्यालाच वाटते ज्याला आरसा म्हणजे काय हे ठाऊक नसते. ज्याला ठाऊक असते तो मोजतो, नोंदवतो, गरज पडल्यास जगापुढे पुरावा ठेवतो आणि आवश्यक तर स्वतःही ते तंत्र साध्य करतो. अफवेवर पोसलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाला कोसळतो, तर ज्ञानावर उभा असलेला स्वाभिमान शतकानुशतके दगडावर कोरलेला राहतो. त्यासाठी लागणारे तेल आपल्या घाण्यात आहे. पळी तेवढी उचलायची आहे.